डोक्यातलं व्याकरण

भाषाविज्ञानाच्या पहिल्या तासाला मुलं येतात ती शाळेतल्या व्याकरणाचा धसका घेऊनच. प्रयोग ओळखा, समास सोडवा, गुण दोन. पण एक वाक्य ऐका. ‘सुरेशने रमेशला आपल्या खोलीत बसवलं.’ खोली कोणाची? सुरेशची. आता ‘आपल्या’च्या जागी ‘त्याच्या’ घाला. खोली रमेशची झाली, नाहीतर तिसऱ्याच कोणाची. हा नियम कोणत्या बाईंनी फळ्यावर लिहून दिला होता? कोणीच नाही. तरी आपण चुकत नाही.

बोलणाऱ्याला नकळत येणारं हे व्याकरण अभ्यासाच्या मध्यभागी आणलं ते नोम चॉम्स्की यांनी. त्यांचं ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ 1957 साली आलं. तेव्हापासून वाक्यरचनेच्या अभ्यासाचा नूरच पालटला.

‘मी दादरच्या फुलबाजारातून शेवंती आणली.’ यातले शब्द हलवून पाहा. ‘शेवंती मी दादरच्या फुलबाजारातून आणली.’ चालतं. ‘दादरच्या फुलबाजारातून शेवंती आणली मी.’ तेही चालतं. पण ‘दादरच्या मी फुलबाजारातून शेवंती आणली’ म्हटलं की कानाला खटकतं. म्हणजे वाक्यात शब्द नुसते ओळीने येत नाहीत, त्यांचे गट पडतात, आणि हा गट फोडलेला मराठी माणसाला खपत नाही.

तेच शब्द दोन तऱ्हांनी गटात बसले, तर अर्थही दोन होतात. ‘जुन्या गिरणीच्या कामगाराला बोलवा.’ जुनी काय, गिरणी की कामगार? परळ-लालबागला दोन्ही अर्थ खरे ठरतील. ‘जुन्या गिरणीचा कामगार आला’ म्हटलं तर गिरणीच जुनी. पण कामगाराला ‘ला’ लागला, की ‘जुना’चाही ‘जुन्या’ होतो आणि फरक बुजतो.

आता छापील व्याकरणाकडे वळू. मराठीचे पाणिनी म्हणतात ते दादोबा पांडुरंग तर्खडकर मुंबईचेच. ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ 1836 मध्ये प्रसिद्ध झालं तेव्हा ते अवघे 22 वर्षांचे होते. दादोबांच्या पुस्तकाने मराठी व्याकरणाची घडी बसवली. पण छापील व्याकरण एका वळणाच्या मराठीचं असतं, आणि या शहरात वळणं अनेक.

गिरण्यांच्या ओढीने कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून माणसं इथे आली, एका चाळीत राहिली. कोल्हापूरकडची बाई दारातून ‘मी येतो गं’ म्हणाली, की शेजारीण हसते. तिला वाटतं, हिला स्त्रीलिंग-पुल्लिंग कळत नाही. पण तीच बाई ‘सून येतो’ कधी म्हणणार नाही, ‘सून येते’च म्हणेल. स्वतःविषयी बोलताना लिंगभेद नाही, दुसऱ्याविषयी बोलताना आहे. नियम चोख आहे, फक्त शेजारणीचा नाही.

लहान मूल ‘मी करलं’ म्हणतं, तेही तसंच. घरात कोणी ‘करलं’ म्हणत नाही. ‘बसलं’, ‘उठलं’ ऐकून पोराने नियम स्वतः काढला आणि ‘कर’ला लावला. ‘केलं’ हा अपवाद त्याला पुढे कळतो.

तेव्हा कोणाचं मराठी सुधारायला जाण्याआधी त्याच घाटाची आणखी चार वाक्यं त्याच्याकडून ऐकून घ्या. चारही वाक्यांत तेच वळण आलं, तर समजा, तिथे एक नियम आहे. तो वहीत उतरवून घ्या. भाषाविज्ञानाचा अभ्यास तुम्ही सुरू केलेला आहे.