दुखणं बारा महिन्यांचं

माय-बाप वारकरी मंडळी, आम्ही शेतकरी माणूस, शाळा चौथीपर्यंत. वैद्यकी सांगायचा आमचा अधिकार नाही. पण आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटरची वाट ज्या गुडघ्यांवर होते, त्यांच्यासाठी दोन शब्द बोलतो.

वाटेवर दवाखान्याचे तंबू असतात. कुणी तेल चोळतं, कुणी गोळी देतं. ही सेवा थोरच. पण वारी अठरा-वीस दिवसांची आणि दुखणं बारा महिन्यांचं. माळकरी घरी परतला की त्याच्या गुडघ्याला विचारतं कोण?

डॉक्टर सांगतात, सांधेदुखी एक नसते. गुडघा झिजला तर चालून दुखतं, बसल्यावर उतार पडतो. आमवात निराळा. त्यात दोन्ही हातांची बोटं सुजतात, सकाळी तासभर मूठ वळत नाही. तो तरण्या बायकांनाही होतो. नुसतं तेल चोळत वर्ष घालवलं तर बोटं वाकडी होतात, मग टाळसुद्धा धरवत नाही. लवकर औषध सुरू झालं तर सांधे वाचतात. त्यातली मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच असते. ती रोज घेतली तर जिवावर बेततं. घरातल्या शिकल्या पोरानं पाकिटावर वार लिहून द्यावा.

झिजलेल्या गुडघ्याला मांडीचं बळ लागतं. खाटेवर बसावं, पाय सरळ करावा, पाचदा विठ्ठल म्हणेपर्यंत धरावा. असं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. वजन आटोक्यात ठेवावं. दुखण्याच्या गोळ्या मनानं रोज खाऊ नयेत, पोट आणि मूत्रपिंड बिघडतं. बिननावाच्या पुड्या तर नकोच. त्यात स्टेरॉइड मिसळलेलं निघतं.

दिंडीला शंभर वर्षं झाली, म्हणून आमचं मागणं एवढंच. कार्तिकीपासून दर एकादशीला भजनाआधी देवळात सगळ्यांनी हा व्यायाम करावा. दिंडीच्या वहीत नावापुढं दुखणं आणि चालू औषध लिहावं. ज्याची बोटं सुजली, त्याला आशाताईंच्या मदतीनं आरोग्य केंद्रात न्यावं. तिथून मोठ्या दवाखान्यात धाडलं तर सोबत एक माणूस द्यावा, कारण म्हातारं माणूस एकटं जात नाही, घरीच बसतं. आणि ज्याला चालवत नाही त्याला गाडीत मानानं जागा द्यावी. गाडीत बसला म्हणून त्याची वारी उणी होत नाही.

पाय पांडुरंगानं दिले, ते जपणं आपल्याकडं आहे.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल.