एका शाळेची गाडी

शाळेचा इतिहास आपण सहसा इमारतीपासून सांगू लागतो. कलकत्त्याच्या बेथून शाळेचा इतिहास मात्र एका घोडागाडीपासून सांगावा लागेल.

गव्हर्नर-जनरलच्या मंडळाचे विधि-सदस्य ड्रिंकवॉटर बेथून यांनी ७ मे १८४९ रोजी २१ मुलींनिशी ही शाळा उघडली. पंडित मदनमोहन तर्कालंकारांनी आपल्या दोन मुली तेथे धाडल्या आणि त्यापायी समाजाचा रोष पत्करला. कुलीन घरच्या मुलीने रस्त्यावर येणेच तेव्हा निंद्य मानले जाई. म्हणून शाळेने गाडी ठेवली. १८५० मध्ये चिटणीस झालेल्या ईश्वरचंद्र विद्यासागरांनी तिच्यावर, कन्येलाही यत्नपूर्वक शिकवावे, अशा अर्थाचे संस्कृत वचन लिहविले. विरोधक शास्त्राचा आधार घेत. त्यांना उत्तरही शास्त्रानेच दिले.

१८५१ मध्ये बेथून निवर्तले, पण शाळा टिकली. १८७८ मध्ये येथूनच कादंबिनी बसू विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाल्या. शाळेतूनच पुढे महाविद्यालय निघाले आणि १८८३ मध्ये त्या व चंद्रमुखी बसू पदवीधर झाल्या.

शाळा एखादा दाता काढू शकतो. ती उभी राहते मात्र आपली मुलगी त्या गाडीत प्रथम बसविणाऱ्या पालकांच्या धैर्यावर.