सूर्याचा कर

वाळू-मुरूम काढण्यासाठीं नदीकांठीं खोल खड्डा खणला, कीं झांकलेलें भूजल उघडें पडतें. आणि उघड्या पाण्यावर सूर्य आपला कर बसवितो. अमेरिकेंतील कोलोरॅडो संस्थानांत असें उडालेलें पाणी खाणवाल्यास कायद्यानें नदीला भरून द्यावें लागतें.

आपल्याकडे पैठणचा नाथसागर पाहा. १९७६ सालीं पुरा झालेला हा जलाशय विस्तीर्ण, पण उथळ. उन्हाळ्यांत त्यांतून पुष्कळ पाणी वाफ होऊन जातें. उलट मलिक अंबरानें सतराव्या शतकांत आपल्या शहरास पाणी आणलें तें जमिनीखालच्या नहरींतून, उन्हाची दृष्ट लागूं न देतां.

पाणी झांकून ठेवणें हें पहिलें शहाणपण. जेथें तें साधत नाहीं, तेथें उघडें करणाऱ्यानें फेडावें. हा न्याय गोदामाईसही मिळावा.