मुलांनो, मौन धरूं नका
(ज्युबिलीनिमित्त युवकवर्गापुढें दिलेलें भाषण)



गतवर्षीं एका मुलीच्या छायाचित्राची वर्गसोबत्यांनीं व्हॉट्सॲपवर विटंबना केली. तीन आठवडे तिनें ही गोष्ट घरीं सांगितली नाहीं. कां? मोबाईल काढून घेतील, हें भय!

मुलांनो, जे शब्द तोंडावर बोलण्यास जीभ धजत नाहीं, ते बोटांनींहि लिहूं नका. पासवर्ड जिवलग मित्रासहि देऊं नका. कोणी छळल्यास उलट उत्तर न देतां स्क्रीनशॉट राखा, त्यास ब्लॉक करा, आणि त्याच दिवशीं वडीलधाऱ्यांस सांगा. घरीं सांगवत नसेल, तर १०९८ हा बालकांसाठीं असलेला दूरध्वनी आहे.

पालकहो, मूल बोलूं लागेल तेव्हां आधीं ऐकून घ्या. मोबाईल हिसकावून घ्याल, तर पुढच्या संकटांत तें तुमच्याकडे येणार नाहीं.

परमेश्वर आपणां सर्वांस सुबुद्धि देवो.