पुनरुत्थान : शंका आणि श्रद्धा



दोन वर्षांपूर्वीं पावसाळ्याच्या आरंभीं माझ्या धाकट्या भावाला आम्ही छावणीकडील ख्रिस्ती दफनभूमींत माती दिली. पाळकसाहेबांनीं प्रार्थना केली, मंडळी एकेक करून परतली, आणि ओल्या मातीच्या ढिगाजवळ मी व आई अशीं दोघेंच उरलों. आई हळूच म्हणाली, "बाळा, खरंच उठंल का रे तो?" रविवारच्या शाळेंत मुलांकडून देहाच्या पुनरुत्थानाचें कलम पाठ करून घेण्यांत माझीं पंचवीस वर्षें गेलीं आहेत. त्या दिवशीं मात्र मला एक शब्दहि बोलवेना. आईचा तोच प्रश्न घेऊन आज मी आपणांपुढें बोलावयास बसलों आहें.

हा प्रश्न आपल्या छत्रपति संभाजीनगरास, म्हणजे जुन्या औरंगाबादेस, नवा नाहीं. या शहराच्या भोंवतीं मरणाविषयींच्या श्रद्धा दगडामातींत जपून ठेविल्या आहेत. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यांत भगवान् बुद्ध महापरिनिर्वाणाच्या शय्येवर पहुडले आहेत. खालीं शिष्य शोक करीत आहेत, पण त्या शांत मुखावर परत येण्याची इच्छा नाहीं, कारण जन्ममरणाचा फेरा तेथें संपला आहे. खुलताबादेस औरंगजेब बादशहाची साधी, उघडी कबर आहे. इ. स. १७०७ मध्यें त्याला तेथें पुरलें तें कयामतीच्या दिवशीं सर्व मृत उठतील या इस्लामी श्रद्धेनें. पैठणास नाथमहाराजांची समाधि आहे. पण नाथ आपल्यांतून गेले असें वारकऱ्यास कधीं वाटतच नाहीं.

या सर्वांच्या शेजारीं ख्रिस्ती माणूस आपली गोष्ट सांगतो, आणि ती सहज चुकीची समजली जाते. पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नव्हे. पुनर्जन्मांत जीव जुनें शरीर टाकून दुसरें घेतो. आत्मा अमर आहे, एवढेंच सांगणेंहि नव्हे. येशू नांवाचा एक मनुष्य पंतय पिलाताच्या अमदानींत यरुशलेमेच्या वेशीबाहेर क्रुसावर मेला, त्याला पुरलें, आणि तिसऱ्या दिवशीं तोच येशू पुन्हां न मरणाऱ्या देहानें उठला, असें तें म्हणणें आहे. या घटनेनंतर सुमारें वीस-पंचवीस वर्षांनीं पौलानें करिंथ येथील मंडळीस पत्र लिहिलें. त्यांत तो स्पष्टच सांगतो कीं, हें घडलें नसेल तर आमचा उपदेश पोकळ आणि तुमचा विश्वासहि पोकळ. रूपकाची पळवाट त्यानें आपल्याच हातानें बुजविली.

अशा गोष्टीविषयीं शंका येऊं नये, तर कशाविषयीं यावी? चारी शुभवर्तमानांतील हकीकती एकमेकींशीं तंतोतंत जुळत नाहींत. कबरेकडे किती स्त्रिया गेल्या, देवदूत एक दिसला कीं दोन, शिष्यांस भेट गालीलांत झाली कीं यरुशलेमेंत, यांत भेद आहे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तर भ्यालेल्या स्त्रिया कोणास कांहीं न सांगतां पळाल्या, एवढ्यावरच कथा थांबते. आपला गुरु जिवंत आहे अशी शिष्यांची खात्री झाली आणि त्या खात्रीपायीं त्यांनीं छळ सोसला, इतकें इतिहासकार सांगूं शकतो. पण खात्री मनापासून होती म्हणून घटनाहि घडलीच, असें सिद्ध होत नाहीं. इतिहासाची वाट तेथें संपते. हें मी आपणांपासून लपवूं इच्छीत नाहीं.

परंतु एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. ही शंका आपणच प्रथम काढली असें नाहीं. ती त्या ग्रंथांतच लिहून ठेविलेली आहे. स्त्रियांनीं येऊन वार्ता सांगितली तेव्हां प्रेषितांना ती बाष्कळ बडबड वाटली, असें लूक लिहितो. डोंगरावर शिष्य येशूला नमन करीत असतांनाहि कांहींजणांना संशय आला, असें मत्तय लिहितो. आणि थोमा! जखमांत बोट घातल्यावांचून मी मानणार नाहीं, असें तो बजावून बोलला. असें असूनहि आठ दिवसांनीं तो त्याच मंडळींत, त्याच खोलींत होता. सोबत्यांनीं त्याला हाकलून दिलें नाहीं, आणि तोहि रुसून निघून गेला नाहीं. येशू आला तो जखमांचे हात पुढें करीत. उठलेल्या देहावरहि घाव तसेच होते. घडलेलें दुःख पुसून टाकण्याचें वचन या कथेंत नाहीं.

थोमाच्या जातीची एक थोर स्त्री आपल्या महाराष्ट्रांत होऊन गेली. पंडिता रमाबाईंनीं २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. परंतु वडीलधाऱ्यांनीं सांगितलेलें सारें निमूटपणें मानण्याचें नाकारलें. सिस्टर जेराल्डीन यांच्याशीं झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला आहे. त्रैक्यासारख्या मूळ सिद्धांतावरहि त्या त्यांत नेटानें वाद घालतात. याच बाईंनीं पुढें हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सबंध बायबल साध्या मराठींत आणण्याचें काम अंगावर घेतलें. जुलै १९२१ मध्यें त्यांची एकुलती एक कन्या मनोरमाबाई वारली. निजामी मुलुखांत गुलबर्ग्यास मुलींची शाळा काढणारी ती हीच. त्यानंतरहि रमाबाईंनीं भाषांतर सोडलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचा अंत झाला. रिकाम्या कबरेचे ते अध्याय लेक गेलेल्या आईनें पुन्हां वाचले असतील, तेव्हां तिच्या मनांत काय आलें असेल, याचा विचार मीं अनेकदां केला आहे. तिच्या सर्व शंका मिटल्या होत्या कीं नाहीं, हा प्रश्न मला आतां मोठा वाटत नाहीं. तिचा हात कामावरून उठला नाहीं, हें मात्र मोठें वाटतें.

गेल्या ईस्टरच्या पहाटे आई व मी फुलें घेऊन दफनभूमींत गेलों. मी म्हणालों, "आई, तूं विचारलं होतंस त्याचं उत्तर मला अजून सांगतां येत नाहीं." थडग्यावरची धूळ पदरानें पुसतां पुसतां ती म्हणाली, "मला तरी कुठं येतंय? पण त्याला हाक मारायची सवय काही मोडत नाही बघ."

मग्दालीया मरीयेनेंहि बागेंत येशूला प्रथम माळीच समजलें होतें. त्यानें नांव घेऊन हाक मारली, तेव्हां तिनें त्याला ओळखलें. आमच्या हाकेला उत्तर देणारा कोणी आहे, आणि एके दिवशीं तोच माझ्या भावाला नांवानें हाक मारील, एवढी आशा मी धरून आहें. शंकाहि सोबत आहे. तिला मीं घराबाहेर काढलेलें नाहीं.