मुलगी आणि किल्ला
(प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



साटेलोटे म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. या घरची मुलगी त्या घरी द्यायची आणि त्या घरची या घरी आणायची. आज आम्ही अशाच एका साटेलोट्याची हकिकत सांगणार आहोत. पण ते दोन घरांतले नव्हते, दोन राज्यांतले होते.

ही गोष्ट साडेचारशे वर्षांहून जुनी आहे. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, निजामशाही होती. विजापूरला आदिलशाही होती. दोघांचे हाडवैर. भांडणाचे एक मूळ म्हणजे सोलापूरचा किल्ला. तिकडे दक्षिणेत विजयनगरचे राज्य बलाढ्य झाले होते. एकट्याने त्याच्यापुढे कोणाचा टिकाव लागेना. तेव्हा दोघांनी वैर मिटवायचे ठरवले. कसे मिटवले? तर लग्ने लावून.

अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली. अलीने आपली बहीण हुसेनच्या मुलाला, मुर्तझाला दिली. आणि चांदबीबीबरोबर आंदण काय दिले? तोच सोलापूरचा किल्ला! तहाच्या बोलण्यात किल्ला आणि मुलगी एकाच ओळीत बसली. चांद तेव्हा अवघी चौदा वर्षांची होती.

१५६५ साली दख्खनच्या सुलतानांनी मिळून तालिकोटची लढाई जिंकली. विजयनगर पडले. तहाचे काम झाले. पण त्या मुलीचे आयुष्य तर आता कुठे सुरू होत होते.

चांदबीबीच्या आईचे नाव खुंझा हुमायून. पाठवणीच्या वेळी मायलेकी काय बोलल्या असतील? बखरकारांनी लढाया लिहिल्या, तह लिहिले. हे बोलणे कोणी लिहिले नाही. गोष्ट रचणाऱ्याचे काम इथे सुरू होते. आम्ही ते असे रचतो :

"अम्मी, तुम्ही मला दिलं, की किल्ला दिला?"

"दोन्ही दिलं, बेटी. पण किल्ल्याला तोंड नसतं, तुला आहे. तिथली भाषा शीक."

हे आमच्या मनातले झाले. पुढचे मात्र घडलेले आहे.

चांदबीबीला फारसी-अरबीबरोबर मराठी आणि कानडीही येई, असे सांगतात. ती नवऱ्याबरोबर घोड्यावर बसून मोहिमेवर जाई. संसार तहासाठी जुळला होता खरा, पण त्यात तिने स्वतःची जागा केली. १५८० साली अलीचा खून झाला. मूलबाळ नव्हते. नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहीम गादीवर बसला आणि कारभार चांदबीबीवर आला. एका सरदाराने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले. पुढे त्याचीच सत्ता गेली, आणि ती सुटून आली.

नंतर ती माहेरी अहमदनगरला गेली. १५९५ साली मोगलांनी त्या शहराला वेढा घातला. सुरुंग उडाला, तट ढासळला. चांदबीबी तलवार घेऊन भगदाडावर उभी राहिली आणि रातोरात तट बांधून काढला. १५९६ साली तह झाला. वऱ्हाड गेले, पण नगर वाचले. १६०० साली मोगल पुन्हा आले. 'ही शत्रूला फितूर झाली' अशी आवई उठली आणि तिच्याच माणसांनी तिला ठार केले. थोड्याच दिवसांत किल्ला पडला. जिला एके काळी किल्ल्याबरोबर देऊन टाकले, तीच गेल्यावर किल्ला राखायला कोणी उरले नाही.

आता आईचे ऐका. लढाईनंतर त्याच वर्षी हुसेन वारला. मुर्तझा लहान होता. खुंझा हुमायूनने काही वर्षे राज्य चालवले. पुढे त्याच मुलाने तिला कैद केले. हुसेनच्या स्तुतीचे एक फारसी पुस्तक आहे, 'तारीफ-इ-हुसेनशाही'. ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपून ठेवले आहे. त्यातल्या चित्रांत राजाशेजारी राणी प्रेमाने बसलेली काढली होती. नंतर कोणीतरी त्या राणीवर रंग फासून तिला झाकून टाकले. राजा राहिला, राणी पुसली!

मंडळी, ही राजवाड्यातली गोष्ट झाली. पण आपल्या घरी काय चालते? जमिनीचा वाद मिटावा, देणे फिटावे, सोयरे बळकट व्हावेत, म्हणून मुलगी देऊन टाकायची, हे आपण पाहिलेले नाही का? आज अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न करणे हा कायद्याने गुन्हा आहे. तिच्या मर्जीविरुद्ध लग्न लावणे हाही अन्यायच आहे. चांदबीबीला कोणी विचारले नाही. आपल्या मुलींना आपण विचारू शकतो.

आपल्याकडे लग्न ठरले की याद्या करतात. मानपान किती, भांडी किती, दागिने किती, सारे कागदावर येते. तुम्ही आता वाचायला शिकलात. तेव्हा यादीवर सही करण्याआधी ती वाचा. मग ती मुलीच्या हातात द्या. तिला मोठ्याने वाचू द्या आणि विचारा, "बाई, तुला हे पसंत आहे का?"

ती काय म्हणते, ते ऐकल्यावरच सही करा.