मूळ पेशी व तांबडी पेशी



अस्थिमज्जेतील मूळ पेशी कोणत्याही एका कामाला वाहिलेली नसते. तिच्यापासून सर्व प्रकारच्या रक्तपेशी घडतात. तांबडी पेशी मात्र केवळ प्राणवायू वाहण्याकरिता आपले केंद्रकही टाकून देते. म्हणून तिचे विभाजन होत नाही व सुमारे १२० दिवसांत ती संपते.

आपल्या वऱ्हाडातही आढळणारा सिकलसेल पाहा. आईबापांकडून आलेला दोष मूळ पेशीतही असतोच. परंतु तो प्रकट होतो तांबड्या पेशीत, कारण हिमोग्लोबिन भरलेले असते तिच्यातच. ती विळ्यासारखी वाकते व १० ते २० दिवसांतच नाश पावते. मज्जा कितीही राबली तरी तूट भरत नाही. असे मूल वर्गात मलूल बसले तर त्यास आळशी म्हणू नये. वारंवार पाणी पिऊ द्यावे व रक्ततपासणीस प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.